शब्द आणि गंगाजळी : स्कॉट बेसेंट यांच्या कारकिर्दीचा एक विचार

१

मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. एखाद्या गृहस्थाची गावात पत आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची प्रतिष्ठा आपल्या मनात असते. पेढीवर त्याची पत आहे असे म्हणतो, तेव्हा त्याला किती रक्कम उसनी मिळू शकेल हे मनात असते. दिलेला शब्द पाळला जाईल ही इतरांची खात्री, हाच ह्या दोन्ही अर्थांचा आधार होय. व्यक्तीच्या बाबतीत जे खरे, ते राज्यसंस्थेच्या बाबतीतही खरे आहे. आपल्या चलनाचा भाव अमुक मर्यादेखाली जाऊ देणार नाही, असे एखादे सरकार जाहीर करते, तेव्हा वस्तुतः ते एक वाक्यच उच्चारीत असते. त्या वाक्याचे मोल त्यामागील गंगाजळीवर आणि त्याहूनही अधिक ते पाळण्याच्या निर्धारावर ठरते.

अशा वाक्यांचे मोल पारखणे हा ज्यांचा तीस-पस्तीस वर्षांचा व्यवसाय होता आणि ज्यांना नंतर तशीच वाक्ये स्वतः उच्चारण्याचा अधिकार प्राप्त झाला, असे एक गृहस्थ म्हणजे २८ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे ७९ वे अर्थमंत्री म्हणून अधिकारग्रहण केलेले स्कॉट बेसेंट. त्यांच्या कारकिर्दीत १९९२, २०१२-१३ आणि २०२५ असे तीन प्रसंग ठळकपणे उठून दिसतात. पहिल्यात त्यांनी एका सरकारचा शब्द टिकणार नाही हे ओळखले, दुसऱ्यात तो टिकेल हे ओळखले आणि तिसऱ्यात स्वतःच शब्द दिला. ह्या तिन्ही प्रसंगी लागलेले ज्ञान एकाच जातीचे होते. तथापि जबाबदारी मात्र एकाच जातीची नव्हती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम बेसेंट यांच्या व्यवसायाचे स्वरूप पाहावयास हवे. ‘हेज’ म्हणजे कुंपण. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स ह्या समाजशास्त्राच्या पंडिताने १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये एक गुंतवणूक-भागीदारी सुरू केली. काही समभाग विकत घ्यावयाचे आणि काही उसने घेऊन विकावयाचे, म्हणजे सारा बाजार वर गेला काय किंवा खाली आला काय, नुकसानीला एक कुंपण पडते, अशी तिच्यामागील कल्पना होती. जोन्स तिला ‘हेज्ड फंड’, म्हणजे कुंपण घातलेला निधी, असे म्हणत. पुढे लोकांच्या बोलण्यात मूळ विशेषणाचा प्रत्यय गळाला आणि ‘हेज फंड’ हे रूप रूढ झाले. नामाला विशेषणाचे काम करावयास लावणारे हे रूप जोन्स यांना रुचले नव्हते. परंतु रूपाबरोबर अर्थही पालटला. नंतरच्या पिढीतील अनेक निधींनी कुंपण जवळजवळ सोडून दिले आणि उसन्या पैशाच्या बळावर देशोदेशींची चलने, व्याजदर व कर्जरोखे यांवर मोठमोठे डाव लावावयास प्रारंभ केला. जॉर्ज सोरोस यांचा निधी ह्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध होय.

बेसेंट यांचा जन्म १९६२ साली दक्षिण कॅरोलायना राज्यात झाला. १९८४ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर काही वर्षे अन्य पेढ्यांत उमेदवारी करून १९९१ मध्ये ते सोरोस यांच्याकडे आले आणि लंडन येथील कार्यालयात काम करू लागले. २००० साली त्यांनी ती नोकरी सोडली. मधल्या काळात त्यांनी स्वतःचा निधी चालविला, येल येथे आर्थिक इतिहासाचे अध्यापन केले, २०११ ते २०१५ ह्या काळात सोरोस यांच्या निधीचे मुख्य गुंतवणूक अधिकारी म्हणून काम पाहिले आणि त्यानंतर ‘की स्क्वेअर’ हा निधी स्थापिला. आर्थिक इतिहासाच्या अध्यापनाचा हा तपशील गौण मानू नये. संकटात सापडलेली सरकारे पूर्वी कशी वागली याचे ज्ञान हेच त्यांच्या व्यवसायातील भांडवल होते.

३

ब्रिटन ८ ऑक्टोबर १९९० रोजी युरोपीय विनिमयदर-व्यवस्थेत सामील झाले. पौंडाचा मध्यवर्ती भाव २.९५ जर्मन मार्क ठरला आणि तो सुमारे २.७८ मार्कांखाली जाऊ न देण्याचे बंधन सरकारने पत्करले. त्याच सुमारास जर्मनीचे एकीकरण झाले. त्याच्या खर्चामुळे होणारी भाववाढ रोखण्यासाठी जर्मन मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढते ठेवले. पौंडाचा भाव टिकवावयाचा तर ब्रिटनलाही व्याजदर चढे ठेवणे भाग होते. आणि ब्रिटन तर मंदीत होते.

येथे बेसेंट यांचे निरीक्षण महत्त्वाचे ठरले. ब्रिटनमधील बहुसंख्य गृहकर्जे बदलत्या व्याजदराची होती. मध्यवर्ती बँकेने दर वाढविला की त्याचा भार अल्पावधीतच सामान्य कुटुंबाच्या मासिक हप्त्यावर पडे. म्हणजे पौंडाच्या संरक्षणाचे मुख्य शस्त्र उचलले की ते प्रथम स्वतःच्याच मतदारांवर पडणार होते. गंगाजळीत मार्क किती आहेत हा प्रश्न कोणीही विचारू शकत होता. घराचे हप्ते फेडणारा मनुष्य किती दिवस कळ सोशील, हा प्रश्न अधिक मार्मिक होता.

सोरोस यांच्या निधीने, स्टॅन्ली ड्रकनमिलर यांच्या व्यवस्थापनाखाली, पौंड उसने घेऊन विकावयास सुरुवात केली. पौंड घसरला तर ते स्वस्तात परत करून फरक पदरात पडे. न घसरला तर थोडे व्याज तेवढे अंगावर येई. डाव असा एकतर्फी होता. पंतप्रधान जॉन मेजर यांनी १० सप्टेंबर १९९२ रोजी ग्लासगो येथील भाषणात अवमूल्यनाचा मार्ग निःसंदिग्ध शब्दांत नाकारला. परंतु १५ सप्टेंबरच्या सायंकाळी जर्मन मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष हेल्मुट श्लेसिंगर यांच्या एका मुलाखतीचा वृत्तांत फुटला. आणखी काही चलनांवर दबाव येणे संभवते, असा त्याचा आशय होता. हे उद्गार प्रसिद्धीसाठी संमत केलेले नाहीत, असा खुलासा बँकेने केला. तथापि बाजाराने प्रत्यक्ष कथन आणि परोक्ष वृत्तांत यांत भेद केला नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी व्याजदर १० वरून १२ टक्के करण्यात आला. दुपारी तो दुसऱ्या दिवसापासून १५ टक्के होईल असे जाहीर झाले. पौंड हलला नाही. सायंकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमॉन्ट यांनी व्यवस्थेतून बाहेर पडत असल्याची घोषणा केली. १५ टक्क्यांचा दर कधी अमलात आलाच नाही. तो केवळ एक वाक्य म्हणून काही तास अस्तित्वात होता. सोरोस यांच्या निधीस सुमारे एक अब्ज डॉलरचा लाभ झाला. ब्रिटिश अर्थखात्याने २००५ मध्ये खुल्या केलेल्या कागदपत्रांत ह्या प्रकरणाचा खर्च सुमारे ३.३ अब्ज पौंड दाखविला आहे.

४

ह्या प्रसंगावरून अशा गुंतवणूकदाराचा व्यवसाय सरकारांविषयी अविश्वास बाळगण्याचा आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. जपानचे उदाहरण तो समज दूर करते. २०१२ च्या नोव्हेंबरात जपानची संसद विसर्जित झाली. विरोधी पक्षाचे नेते शिंझो आबे यांनी चलनपुरवठा निर्बंधपणे वाढविण्याची भाषा सुरू केली. जपानी सरकारांनी पूर्वी अशा घोषणा करून पुढे कच खाल्ली होती, त्यामुळे पुष्कळांनी ती निवडणुकीपुरती मानली. बेसेंट यांच्या देखरेखीखालील सोरोस निधीने ती खरी मानली आणि येनच्या घसरणीवर डाव लावला. डिसेंबरात आबे निवडून आले. जानेवारी २०१३ मध्ये जपानच्या मध्यवर्ती बँकेने २ टक्के भाववाढीचे लक्ष्य स्वीकारले. येन घसरत गेला. ह्या व्यवहारातील लाभही सुमारे एक अब्ज डॉलरच्या घरात होता.

लंडनमध्ये शब्द न पाळला जाण्याने नफा झाला, टोकियोच्या बाबतीत पाळला जाण्याने. दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न एकच होता : बोलणारा जे बोलत आहे ते करणे त्याला परवडणारे आहे काय? मेजर यांना परवडणारे नव्हते. आबे यांना न करणेच परवडणारे नव्हते.

५

बाजारातील मनुष्य सरकारी खजिन्यावर बसावा की नाही, ही शंका अमेरिकेत त्या खात्याइतकीच जुनी आहे. अर्थखाते स्थापन करणाऱ्या १७८९ च्या कायद्यातच त्याच्या प्रमुखास व्यापारधंदा करण्यास आणि सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री करण्यास मनाई केलेली होती. ती निष्कारण नव्हती. पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे साहाय्यक विल्यम ड्युअर हे पद सोडल्यानंतर रोख्यांच्या सट्ट्यात बुडाले, १७९२ च्या घबराटीस कारण झाले आणि ऋणकोंच्या तुरुंगात गेले. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नियुक्त केलेले व्यापारी ए. टी. स्टुअर्ट यांना ह्याच कायद्यामुळे पद स्वीकारता आले नाही. बेसेंट यांनाही आपला निधी गुंडाळण्याचे अभिवचन द्यावे लागले. तथापि कायदा मालमत्तेपासून दूर करू शकतो. सवयीपासून आणि परिचयाच्या वर्तुळापासून दूर करणे त्याच्या आवाक्यात नाही.

अर्थमंत्र्याच्या हाती एक विशेष साधन असते. १९३४ मध्ये सोन्याचा सरकारी भाव औंसास २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर करण्यात आला, तेव्हा झालेल्या कागदी नफ्यातून दोन अब्ज डॉलरचा ‘विनिमय स्थैर्य निधी’ उभारला गेला. राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने तो वापरताना संसदेची प्रत्येक वेळी स्वतंत्र मंजुरी लागत नाही. १९९५ च्या जानेवारीत मेक्सिकोचे चलन कोसळले असता रॉबर्ट रूबिन यांनी ह्याच निधीतून २० अब्ज डॉलरपर्यंतच्या साहाय्याची व्यवस्था केली. रूबिन हेही गोल्डमन सॅक्स ह्या पेढीवर भावांतील फरकाचे व्यवहार करून पुढे आलेले होते. मेक्सिकोने कर्ज मुदतीपूर्वी, १९९७ च्या जानेवारीत, फेडले.

६

तीस वर्षांनंतर हेच साधन बेसेंट यांनी अर्जेंटिनासाठी उचलले. एप्रिल २०२५ पासून अर्जेंटिनाने पेसोचा भाव वरच्या व खालच्या मर्यादांच्या पट्ट्यात ठेवण्याचे ठरविले होते. ७ सप्टेंबर रोजी ब्युनोस आयरेस प्रांताच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांचा पक्ष हरला आणि पेसोवर दबाव आला. त्या महिन्यात केवळ तीन दिवसांत मध्यवर्ती बँकेस एक अब्जाहून अधिक डॉलर विकावे लागले. २२ सप्टेंबरला बेसेंट यांनी साहाय्याचे सर्व मार्ग खुले असल्याचे जाहीर केले आणि एकही डॉलर खर्ची पडण्यापूर्वी रोख्यांचे भाव सावरले. ९ ऑक्टोबरला २० अब्ज डॉलरच्या चलन-अदलाबदलीची घोषणा झाली आणि अमेरिकी अर्थखात्याने प्रत्यक्ष पेसो विकत घेतले.

१९९२ च्या दृष्टीने पाहता ही कृती अर्थपूर्ण आहे. पेसो विकणाऱ्यांचा डाव एकतर्फी राहू नये, म्हणजे त्यात खऱ्या नुकसानीचे भय निर्माण व्हावे, हा तिचा हेतू उघड दिसतो. ब्रिटनला मार्क हवे होते आणि ते त्याला छापता येत नव्हते. अर्जेंटिनाला डॉलर हवे होते आणि साहाय्यकर्ता हा डॉलरचाच धनी होता. एकट्या ब्रिटनच्या शब्दात जी उणीव होती, ती येथे परक्याच्या शब्दाने भरून काढली गेली.

परंतु परक्याचा शब्द परक्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. १४ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी, मिलेई हरले तर अमेरिका औदार्य दाखविणार नाही, अशा अर्थाचे विधान केले. निश्चित विधान एका क्षणात संकेतार्थी झाले आणि अर्जेंटिनाचे बाजार घसरले. श्लेसिंगर यांच्या मुलाखतीची आठवण करून देणारा हा प्रसंग होय. २६ ऑक्टोबरच्या मध्यावधी निवडणुकीत मिलेई यांचा पक्ष विजयी झाला आणि ‘जर-तर’चा निकाल लागला. ह्या साहाय्याचा लाभ अर्जेंटिनाचे रोखे बाळगणाऱ्या अमेरिकी धनिकांना होईल, असा आक्षेप विरोधी पक्षाने घेतला. बेसेंट यांनी तो साफ नाकारला. ह्या आक्षेपाच्या सत्यासत्यतेपेक्षा तो उद्भवणे अपरिहार्य होते, ही गोष्ट अभ्यासकास अधिक उद्बोधक वाटेल. ड्युअर यांच्या काळापासून चालत आलेली शंकाच त्यात पुन्हा बोलत होती.

७

तिन्ही प्रसंग एकत्र ठेवले असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की सरकारच्या शब्दाची कसोटी अखेर सामान्य माणसाच्या सोशिकतेवर लागते. १९९२ मध्ये ती इंग्लंडमधील कर्जदार कुटुंबावर लागली, २०२५ मध्ये अर्जेंटिनाच्या मतदारावर. हे ज्याने बाजारात बसून ओळखले, तो खजिन्यावर बसल्यावर ते विसरेल असे मानण्याचे कारण नाही. असा मनुष्य तेथे उपयोगी पडतो तो ह्याच ज्ञानामुळे.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. गुंतवणूकदाराचा अंदाज चुकला तर त्याचे आणि स्वखुशीने पैसे देणाऱ्यांचे नुकसान होते. अर्थमंत्र्याचा अंदाज चुकला तर ज्यांनी त्या डावाला कधी संमती दिली नाही, किंबहुना ज्यांना तो खेळला जात आहे हेही ठाऊक नव्हते, अशांच्या खिशाला तोशीस लागते. गुंतवणूकदारास डाव अंगाशी येताच मोडता येतो, आणि तसे करणे त्याच्या व्यवसायात शहाणपणाचे लक्षण समजले जाते. सरकारने तसे केले की त्याचा पुढचा शब्दही स्वस्त होतो. लॅमॉन्ट यांच्या त्या सायंकाळच्या घोषणेनंतर आर्थिक कारभारातील आपल्या पक्षाचा लौकिक परत मिळवावयास ब्रिटिश सत्ताधाऱ्यांना वर्षानुवर्षे लागली, आणि १९९७ ची निवडणूक त्यांनी गमावली.

म्हणून बेसेंट यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन पेसोवरील व्यवहारात नफा झाला की तोटा, एवढ्यावरून करता येणार नाही. शब्दांचे भाव ओळखणारा मनुष्य शब्दाला जागणाराही ठरतो काय, हा खरा प्रश्न आहे. पारखी आणि धनी यांच्या कसोट्या निराळ्या असतात. पारख्याची कसोटी एका दिवसात पार पडते. पत सांभाळणाऱ्या धन्याची मात्र प्रत्येक संकटात पुन्हा नव्याने होते.