भुईखालची पोकळी
पूर्वीच्या चांदा जिल्ह्याची भुई कोळशाने श्रीमंत होती. खाणींनी ती पोकळही केली. वरोऱ्याची खाण 1906 साली बंद पडली. घुग्घुसला 2022 च्या ऑगस्टात आमराई वस्तीतील एक राहते घरच जमिनीत गडप झाले. माणसे बाहेर पडली होती, हे नशीब!

वरून भूगर्भ पाहण्याची विद्या मात्र जुनी. 1910 मध्ये जर्मनीत लाइम्बाख व लोवी यांनी तिचे पेटंट घेतले. 1929 मध्ये ऑस्ट्रियात स्टर्न यांनी रेडिओलहरींनी हिमनदीची जाडी मोजली.

आजचे भूवेधी रडार म्हणजे जमिनीवरून सावकाश ओढीत न्यावयाची पेटी. अँटेनातून लहर खाली जाते, थर बदलला की परतते. जाण्यायेण्याचा काळ वेगाने गुणून निम्मा केला की खोली निघते. पुरलेला नळ पडद्यावर कमानीसारखा उमटतो. कंपनसंख्या वाढविली तर चित्र रेखीव येते, पण नजर उथळ राहते.

खरी मेख मातीत आहे. गडचिरोलीकडील कोरडा ग्रॅनाइटी खडक लहरींना वाट देतो. वर्धाकाठची ओली काळी माती त्यांना एकदोन मीटरांतच गिळते. पडदा स्वच्छ दिसला म्हणून खाली पोकळी नाही, असे तेथे म्हणता येत नाही. जुने खाणनकाशे पाहून बोअरच घ्यावे लागते.