राहूचा फेरा आणि आपले दुष्काळ



मागच्या आठवड्यात रनाळ्याच्या पारावर मिरचीच्या रोपांचं बुकिंग करायचं की नाही, यावर बोलणं चाललं होतं. एक तरुण शेतकरी म्हणाला, "काका, चंद्राचं अठरा-एकोणीस वर्षांचं चक्र असतं. 1899 ला दुष्काळ, बरोबर 19 वर्षांनी 1918 ला दुष्काळ. पुढचं साल मोजून काढता येतं." दोन सालं जुळतात हे खरंच. म्हणून घरी येऊन वही काढली.

आधी चक्र समजून घेऊ. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे 5 अंश तिरकी आहे. दोन्ही वाटा जिथे छेदतात ते बिंदू म्हणजे आपले राहू-केतू. ते उलटे सरकत सुमारे 18.6 वर्षांत एक फेरा पुरा करतात. रात्रीच्या लायटीवर पाणी भरणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल. 2024 च्या मार्गशीर्ष पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र आपल्या डोक्याच्या उत्तरेला गेला होता. 2015 च्या सुमारास तो डोक्यावर येतच नव्हता, दक्षिणेलाच राहायचा. दुसरा हिशोब 19 वर्षांचा. तेवढ्या काळात 7 अधिक महिने येतात आणि तिथी जवळपास त्याच तारखेला परत येते.

आता दुष्काळ. 1899 चा तो छप्पन्या, संवत 1956 चा. आमचे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगायचे, की दाण्याआधी चारा संपला, गुरं दावणीलाच गेली. 1918 ला पाऊस गेला आणि वर इन्फ्लुएंझाची साथ आली. 1972 तर आपल्या घराघरात आहे. खडी फोडणं, पाझर तलावाची कामं, सुकडी.

1899 पासून 19-19 मोजा. 1918 लागलं. पुढे 1937, 1956, 1975, 1994. यातली 1956, 1975 आणि 1994 ही देशात चांगल्या पावसाची सालं. 1972 कुठेच बसत नाही. 18.6 ने मोजलं तर चौथा फेरा 1973 च्या अखेरीस पुरा होतो. तेव्हा दुष्काळ होऊन गेलेला होता.

कोणी म्हणेल, वर्षभराचा फरक चालतो. शेतकऱ्याला चालत नाही भाऊ. 1917 हे देशाच्या नोंदीतलं फार ओलं साल, आणि लगेच 1918 कोरडं. एका वर्षाने चुकलं तर सगळंच चुकलं.

मग चंद्राचा काहीच संबंध नाही का? आहे, पण बारीक. आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिथून जवळच्या खंबायतच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीत 10 मीटरच्या आसपास फरक पडतो, ती चंद्र-सूर्याचीच ओढ. हवेलाही अशी ओढ लागते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी उपग्रहाच्या 15 वर्षांच्या नोंदी तपासल्या. चंद्र डोक्यावर असताना हवेचा दाब किंचित वाढतो आणि पाऊस किंचित घटतो, असं दिसलं. पण पावसातल्या चढउताराचा जेमतेम एक टक्का त्याने होतो. 1983 मध्ये तिघा अमेरिकी संशोधकांनी भारतीय मोसमी पावसामागे चंद्र-सूर्याची ही ओढ असावी असं मांडलं, पण गृहीतक म्हणूनच.

मोठा धागा दुसरीकडे सापडला. 1904 ला गिल्बर्ट वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे जुळवले आणि पॅसिफिक व हिंदी महासागराकडच्या दाबाचा झोका ओळखला. पुढे तो एल निनोशी जोडला गेला. 1899, 1918, 1972 ही तिन्ही एल निनोची सालं. तरी तोही पक्का नाही. 1997 ला एल निनो जोरात होता, पण देशात पाऊस सरासरीइतका झाला.

आपल्या जुन्या माणसांनी मात्र एक गोष्ट नीट वेगळी ठेवली होती. सण चंद्रावर, पेरणी सूर्यावर. अखाजीला सालदाराचं साल ठरतं. ती तिथी कधी एप्रिलात, कधी मे मध्ये. पण मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतो, कारण पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. तिथी सरकते म्हणून पेरणी सरकवत नव्हते.

हे मी विसरलो होतो. एका वर्षी "अमावस्येला पाऊस येतोच" म्हणून दोन एकर कापसाची धूळपेरणी केली. अमावस्या कोरडी गेली, बी वाया गेलं, दुबार लावलं. त्यात दोष चंद्राचा नव्हता, माझा होता.

म्हणून त्या तरुणाला सांगितलं, रोपांचं बुकिंग विहिरीतलं पाणी बघून कर. दोन सालं जुळली म्हणजे नियम झाला असं नाही, न जुळलेली सालंही मोजायची. कोणाच्या घरी जुन्या वह्यांत पावसाच्या नोंदी असतील तर कमेंटमध्ये टाका. गावाच्या नोंदी गावानेच सांभाळायच्या.