भाद्रपदातील गवत आणि वैशाखातील गाय

वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा समाजातील बहुतेकांनी प्रवचनांतून ऐकलेली असते. भगवान महावीरांसमोर श्रावकव्रते स्वीकारताना त्याने पशुधनाचेही परिमाण केले. ते परिमाण चार व्रजांचे, आणि एका व्रजात दहा हजार गाई. इतक्या गाईंना बारा महिने चारा कसा पुरवला जात असेल, हा त्या कथेचा विषय नव्हे. परंतु ज्या उपासकदशांग सूत्रात ही कथा आहे, त्यातच श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांची नावे आली आहेत आणि त्यांत ‘दवाग्निदान’ हे एक आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रावरील आपल्या वृत्तीत त्याचा अर्थ उलगडला आहे. जुने गवत जाळले म्हणजे नवे कोंब फुटतात व ते गाईंना चरता येतात, या हेतूने लोक गवताला आग लावीत. काही जण तर हे पुण्यकर्म समजत. तेराव्या शतकात पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही या कर्माचा उल्लेख आहे. उरलेल्या गवताचे काय करावे, हा प्रश्न गोपालकांना किती प्राचीन काळापासून पडला होता, हे यावरून ध्यानात येते.

प्रश्नाचे मूळ आपल्या पर्जन्यमानात आहे. श्रावण-भाद्रपदात माळावर पवना, मारवेल, अंजन ही गवते इतकी माजतात की गुरांना ती खाऊन संपत नाहीत. फुलोऱ्याच्या सुमारास गवतात सत्त्व भरपूर असते. पुढे बी धरले की देठ कठीण होतो, प्रथिने घटतात आणि दूध देणाऱ्या गाईला ते गवत पोट भरण्यापुरतेच उपयोगी पडते. कुसळी गवताची कुसळे तर जनावरांच्या तोंडाला इजा करतात. म्हणजे कापणीची योग्य वेळ भाद्रपद-आश्विनाची. पण तेव्हा कापलेले गवत वाळावे कसे? हस्ताचा पाऊस आडवा येतो. ओलसर गवताची गंजी रचली तर ती आतून तापते, कुजते, क्वचित आपोआप पेटही घेते. म्हणून शेतकरी कार्तिकापर्यंत थांबतो आणि सत्त्व गेलेले गवत गंजीत रचतो. श्रावकाला तर आणखी एक अडचण. भाद्रपद हा पर्युषणाचा महिना. ज्या दिवसांत घरात हिरवी भाजी चिरली जात नाही, त्या दिवसांत हिरव्या कुरणावर विळा चालवणे मनाला जड जाते.

राज्यकर्त्यांनी या गवताची किंमत ओळखली होती. पेशवाईत सरकारी कुरणे राखीव असत, मात्र तेथील गवत प्रामुख्याने पागेतील घोड्यांसाठी असे आणि कापणीसाठी रयतेकडून वेठ घेतली जाई. गंजी रचली जाई ती अशी दुसऱ्याच्या घामावर, हेही नोंदवलेच पाहिजे. पुढे इंग्रजी अमलात लष्कराने १८८९ साली अलाहाबाद येथे आपला पहिला फार्म काढला. त्याच वर्षी भारतात आलेले कृषिरसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात सरपण व चारा यांसाठी राखीव क्षेत्रे असावीत, असा आग्रह धरला.

तो आग्रह किती रास्त होता, हे सहा वर्षांतच दिसून आले. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ. गुजरात-काठियावाडातून महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या भीतीने घेतले जात असे. धान्य रेल्वेने आणता येत होते. गवत वजनाला हलके पण जागा फार व्यापणारे, त्यामुळे दूरवरून पुरेसे आणणे दुरापास्त झाले. गुजरातेत लक्षावधी गुरे वैरणीअभावी मेली. जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईत पांजरापोळ उभी राहिली होती, आणि गुजरातेत तर अशा संस्थांची परंपरा याहून जुनी. दाते होते, दया होती. पण आदल्या पावसाळ्यांचे गवत गंजीत नसेल, तर ऐन दुष्काळात पैसा असूनही गाईपुढे टाकण्यास काही मिळत नाही.

पावसात गवत वाळवण्याची अडचण युरोपातील थंड, ओल्या प्रदेशांनाही होती, आणि तिच्यावरचा उपाय तिकडे निघाला. फ्रान्समधील ऑग्युस्त गोफार यांनी मक्याचा हिरवा चारा खड्ड्यात दाबून टिकवण्याच्या आपल्या प्रयोगांवर १८७७ साली ग्रंथ लिहिला. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी सौम्य केलेले आम्ल मिसळून हिरवे गवत हिवाळाभर टिकवण्याची पद्धत शोधली; १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना देताना या चारा-संरक्षण पद्धतीचा खास उल्लेख झाला. गाईच्या चाऱ्याला नोबेल, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

आपण ज्याला मुरघास म्हणतो तो हाच मार्ग, बहुधा आम्लाशिवाय. फुलोऱ्यातील गवत कापून थोडे सुकवावे, बारीक तुकडे करावेत, खड्ड्यात थराथराने तुडवून हवा काढून टाकावी आणि वरून घट्ट झाकावे. आत दुग्धाम्ल तयार होते आणि चारा टिकतो. गवत कडकडीत वाळवावे लागत नाही, त्यामुळे पावसाची उघडीप थोडी मिळाली तरी भागते. साधारण दीड-दोन महिन्यांनी खड्डा उघडता येतो. न उघडल्यास तो उन्हाळ्यापर्यंत सहज राहतो. आंबवण्याच्या या क्रियेत सूक्ष्म जीवांचा प्रश्न येतो, हे खरे. तो प्रश्न डावलण्याजोगा नाही. परंतु माळाला लावलेल्या आगीत किडे, पक्ष्यांची घरटी, सरपटणारे जीव असे सर्वच होरपळतात, आणि वैरण नसलेल्या गोठ्यात गाय मरते. तिन्ही गोष्टी एका तराजूत घालूनच निर्णय करावा लागतो.

खड्डा उघडल्यावर मात्र दक्षता हवी. रोज एका बाजूने, वरपासून खालपर्यंत सरळ काप घेऊन लागेल तेवढाच चारा काढावा आणि तोंड पुन्हा झाकावे. हवा लागलेल्या थरावर बुरशी येते. शास्त्राने तिला अनंतकाय म्हटले आहे आणि पशुवैद्य तिला दुभत्या गाईच्या दृष्टीने विषारी मानतात. असा थर दिसताच तो बाजूला काढावा, गव्हाणीत टाकू नये.