कुमारवयाचे स्वप्न आणि कथावाङ्मय

बाल्य आणि विवाह यांच्या मध्ये काही वर्षांचे अंतर पडल्याखेरीज पहिल्या प्रेमाची व त्याच्या भ्रमनिरासाची कथा जन्मास येत नाही. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांच्या कथावाङ्मयाचा इतिहास पाहिला म्हणजे त्याची सत्यता पटू लागते. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकण्याची चाल होती, तोवर मनोराज्ये करण्यास अवकाशच नव्हता. शिक्षणाने तो दिला आणि कायद्याने त्यास पुस्ती जोडली. १८९१ च्या कायद्याने विवाहाचे नव्हे, पण संमतीचे वय १० वरून १२ वर नेले. १९२९ च्या सारडा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीस १४ व मुलास १८ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ व २१ केले. या वाढत्या अंतरात जे स्वप्न फुलले व कोमेजले, त्याचा मागोवा तीन लेखकांच्या आधारे घेण्याचा आमचा विचार आहे.

पहिले रवींद्रनाथ ठाकूर. त्यांची ‘एक रात्रि’ ही बंगाली कथा १८९२ सालची. कथानायक पंधराव्या वर्षी शिकण्यासाठी कलकत्त्यास पळून जातो. तेथे देशोद्धाराचे वारे अंगात संचारते. आपण मॅझिनी-गॅरिबाल्डी होणार, अशी त्याची खात्री पटते. बालमैत्रीण सुरबाला हिच्याशी वडील लग्न ठरवितात, तेव्हा तो स्पष्ट नकार देतो. पुढे वडील वारतात, संसाराचा भार अंगावर पडतो आणि हा भावी गॅरिबाल्डी नोआखालीकडील एका लहान गावी दुय्यम मास्तर होतो. त्याच गावी सुरबाला वकिलाची पत्नी म्हणून नांदत असते. जी सहज लाभली असती, ती आता परकी झाल्यावरच त्याला तिची किंमत कळते. येथे स्वप्न प्रेमाचे नव्हते, मोठेपणाचे होते; त्यापायी प्रेम हातचे गेले.

दुसरे आयर्लंडचे जेम्स जॉइस. त्यांची ‘अ‍ॅरबी’ ही कथा १९१४ साली ‘डब्लिनर्स’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. डब्लिन शहरात याच नावाचा बाजार १८९४ च्या मे महिन्यात खरोखरच भरला होता. कथेतील शाळकरी मुलगा शेजारच्या मित्राच्या बहिणीवर मनोमन अनुरक्त असतो. तिला बाजारास जाता येत नाही, म्हणून आपण तिच्यासाठी काहीतरी आणू, असे तो कबूल करतो. परंतु काका पैसे घेऊन उशिरा घरी येतात. मुलगा पोहोचतो तो बहुतेक दुकाने मिटलेली. दिवेही मालवू लागलेले. ज्या नावात त्याने पौर्वात्य वैभव कल्पिले होते, तेथे एक विक्रेती दोघा तरुणांशी रिकाम्या गप्पा मारीत असते. काहीही न घेता तो अंधारात उभा राहतो आणि आपल्या पोकळ अभिमानाची त्यास लाज वाटते. तेथे बालविवाहाची रूढी नव्हती, तरीही भ्रमनिरास टळला नाही. यावरून दोष केवळ चालीरीतींचा नसून त्या वयाचाही आहे, हे ध्यानी येते.

या दोन्ही कथांत एक साम्य आहे, त्याकडे सुज्ञ वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. जॉइसच्या नायिकेस नावसुद्धा नाही. सुरबाला त्या प्रलयरात्री नायकाच्या शेजारी उभी राहते, परंतु एक अक्षरही बोलत नाही. स्वप्न मुलाचे, निराशाही मुलाची. मुलीला काय वाटले, हे कोणी विचारले नाही.

ते विचारण्याचे धैर्य मराठीत विभावरी शिरूरकर यांनी केले. सारडा कायदा अमलात आल्यावर तीनच वर्षांनी, १९३३ साली, त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. हे टोपणनाव मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) यांचे, हे मागाहून लोकांस कळले. शिकून मोठ्या झालेल्या, नोकरी करणाऱ्या, परंतु लग्न लांबलेल्या मुलींचे मन त्यांनी उघड केले. मुलीच्या मिळकतीवर बापाचा संसार चालतो, म्हणून तिचा संसार मांडला जात नाही, ही व्यथाही त्यांत आहे. या मुलींची अपेक्षा अवास्तव नव्हती. सोबत, स्वतःचे घर आणि मान, एवढेच त्या मागत होत्या. त्यांचा भ्रमनिरास वयाने नव्हे, घरच्या माणसांनी केला.

आम्हांस या इतिहासातून एवढेच म्हणावयाचे आहे की, सर्व निराशा एकाच मापाने मोजू नयेत. एक निराशा माणसास शहाणे करते. तिच्यातून तरुणांनी स्वतःच जावयाचे असते, आणि वडीलधाऱ्यांनी तेव्हा हसू नये. दुसरी निराशा आपण त्यांच्यावर लादतो. ती टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. आपल्या ज्ञातीत आज स्थळे पाहताना पत्रिका, पगार व घर यांची चौकशी कसून होते. त्या यादीत मुलाच्या व मुलीच्या मनाची चौकशीही समाविष्ट व्हावी, आणि ती मुलीकडे आधी व्हावी, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.