पडद्यावरचं नाव

‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ हा सेगाचा १९९१चा खेळ सुरू केला की शीर्षकाच्या पडद्यावरच संगीतकाराचं नाव दिसतं: युझो कोशिरो. आज त्यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा अनेक जपानी कंपन्या आपल्या संगीतकारांना टोपणनावांमागे दडवत. दुसऱ्या कंपनीनं माणूस पळवू नये म्हणून. त्यामुळे ती एक ओळ मला खेळाइतकीच महत्त्वाची वाटते.

कोशिरोंचा जन्म १९६७चा, टोकियोतला. आई पियानो शिकवायची. निहोन फाल्कॉमच्या ‘ईस’ला संगीत देऊन ते लवकरच स्वतंत्र झाले आणि १९९० साली घरच्यांसह ‘एन्शंट’ ही कंपनी निघाली.

त्यांच्यापुढे वाद्य नव्हतं, एनईसीचा पीसी-८८ संगणक होता. स्वर अक्षरं-आकड्यांत लिहायचे, ते चिपनं वाजवायचे. मेगा ड्राइव्हच्या चिपमध्ये एफएम पद्धतीचे सहाच आवाज. त्यांतल्या एकाच्या जागी ध्वनिमुद्रित ड्रम वाजवता येत. एवढ्या जागेत त्यांनी क्लबांमधलं हाउस आणि टेक्नो बसवलं. १९९२च्या दुसऱ्या भागातला बास सुरू झाला की मी अजूनही आवाज वाढवतो.

१९९४च्या तिसऱ्या भागासाठी मात्र त्यांनी आपोआप सूर रचणारी प्रणालीच तयार केली. ते संगीत अनेकांना कर्कश वाटलं. मलाही ते सलग ऐकवत नाही. पण ज्यासाठी लोक ओळखत होते तेच पुन्हा करायला त्यांनी नकार दिला, आणि तो कर्कशपणाही त्यांच्याच नावावर जमा झाला.