खजिना बेवारस कसा होतो?

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातले, वणीच्या शेजारचे तालुक्याचे गाव. काळ्या जमिनीचे, कापसाचे, आणि कोळशाच्या वाटेवरचे. करंजीहून वणीकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो. शाळेत असताना मी रात्री उशिरापर्यंत जागून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके वाचीत असे, तेव्हा बाहेरून ट्रकांची घरघर सतत कानावर येई. पुस्तकातला काळापहाड कुठल्या तरी तळघरात उतरलेला असे, आणि खिडकीबाहेर जमिनीच्या पोटातून काढलेली संपत्ती ताडपत्रीखाली झाकून गावातून निघून जात असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नाही. पुढे एम.ए.ला असताना थरारकथा आणि अंतराळातील खनिजे या विषयावर एक टिपण लिहायचे ठरले, आणि तो संबंध प्रथम जाणवला. प्रस्तुत लेख त्या टिपणातूनच वाढला आहे.

जमिनीखाली दडलेल्या धनाचे आकर्षण मराठी कथात्म साहित्याला आरंभापासून आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाजूला ठेवले, तर आपल्या आरंभीच्या कादंबऱ्यांची नावेच पाहा : लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), त्यांचीच ‘रत्नप्रभा’ (१८६६). पुढे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कथानकांना देशी वेष चढवला, आणि ‘इंद्रभुवनगुहा’सारख्या नावांतूनच वाचकाला गुहेच्या तोंडाशी आणून उभे केले. अर्नाळकरांनी हाच वारसा मुंबईच्या रस्त्यांवर आणला. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळापहाड हे नायक मातलेल्या धनिकांना लुटीत आणि नडलेल्यांना मदत करीत. त्या पुस्तकांना ‘अभिरुचिहीन’ म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने त्यांतली न्यायाची भूक ध्यानात घेतली नाही, असे मला वाटते.

तरीही त्या कथांच्या रचनेत एक गोष्ट नेहमीचीच आहे. खजिन्याभोवती तीन माणसे असतात. ज्याने तो दडवला तो, बहुधा मेलेला. ज्याला तो गैरमार्गाने हवा आहे तो, खलनायक. आणि ज्याला तो अखेर सापडतो तो; नायक. चौथा माणूस, म्हणजे ज्याच्या घराखाली वा शेताखाली तो खजिना आहे तो, या कथांत क्वचितच दिसतो. दिसला तर रखवालदार म्हणून, नाहीतर पहिल्या प्रकरणातले प्रेत म्हणून. खजिना गुप्त असल्यामुळे तो कोणाचाच नसतो. शोधणाऱ्याची वाट पाहणे एवढेच त्याचे काम. गुप्ततेमुळे धन बेवारस होते, हा रहस्यकथेचा न बोललेला नियम आहे.

या नियमाचे मूळ अर्नाळकरांच्याही फार मागे जाते. आमच्या विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. पुराणकथा सांगते, की लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली दडून राही, आणि विष्णूने दैत्यसूदन रूपाने त्याचे झाकण उडवून त्याचा वध केला. भुयार, दडलेला गुन्हेगार, वेषांतरित नायक : रहस्यकथेची सारी सामग्री येथे आहे. पण लोणारला दुसराही इतिहास आहे. ‘आईन-ए-अकबरी’त या परिसराची नोंद काच आणि साबण बनवण्यास लागणाऱ्या द्रव्यांसाठी आणि त्यांवरील करातून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नासाठी झाली आहे. पाण्यातून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. इंग्रजी अमदानीतही ते काढले जात. आकाशातून आलेल्या आघाताने घडलेल्या जागेतून खनिज काढून त्यावर कर बसवल्याचे हे आपल्याकडचे जुने उदाहरण. पुराणात दैत्य आहे, दप्तरात महसूल आहे. गुडघाभर खाऱ्या चिखलात उभे राहून ते क्षार गोळा करणारा माणूस मात्र दोन्हींकडे नाही.

आता आकाशाकडे वळू. ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा १९०० च्या सुमारास ‘केरळकोकिळ’ मासिकातून मराठीत आली. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात ही घटना नेहमी सांगितली जाते. त्याच व्हर्नची एक कमी वाचली गेलेली कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १९०८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सोन्याची एक उल्का पृथ्वीजवळ येते आणि दोन हौशी खगोलनिरीक्षकांमध्ये ती प्रथम कोणी पाहिली यावरून भांडण जुंपते. एवढे सोने एकदम उतरले तर पृथ्वीवरच्या सोन्याचे काय होईल, ही भीती जगभर पसरते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी व्हर्नने ओळखले होते, की आकाशातील खनिजाची कथा शेवटी पृथ्वीवरच्या बाजाराची कथा असते.

इंग्रजीत पुढे या विषयावर थरारकथांचे पीकच आले. ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटातील यान मुळात कोट्यवधी टन खनिज ओढून नेणारे मालवाहू यान आहे. ‘आउटलँड’ (१९८१) गुरूच्या आयो या उपग्रहावरील खाणकामगारांच्या वस्तीत घडतो. डॅनियल स्वारेझच्या ‘डेल्टा-व्ही’ (२०१९) या कादंबरीतील मंडळी र्‍यूगू या लघुग्रहावर खाणकामाला जातात. मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून जी वाट उघडली, तिच्यावर पुढे ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आली. खोल खोदकामात सापडलेली एका लुप्त संस्कृतीची पेटी, तिच्यातील ज्ञानातून घडलेला यंत्रमानव, आणि त्यावर डोळा ठेवणारी माणसे, असा तिचा सांगाडा आहे. येथील खजिना सोन्याचा नाही, ज्ञानाचा आहे. आणि तो हाती लागणे हेच संकट ठरू शकते. खजिना सापडला की कथा संपते, ही रहस्यकथेची सवय नारळीकरांनी मोडली. कथा तेथून सुरू केली.

वास्तवातील आकडे मात्र थराराला फारसे पोषक नाहीत. ‘डेल्टा-व्ही’तील त्याच र्‍यूगूवरून जपानच्या ‘हायाबुसा-२’ यानाने २०२० साली पृथ्वीवर आणलेली माती सुमारे ५.४ ग्रॅम होती. अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’ने २०२३ साली बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम आणली. मारेगावच्या रस्त्यावर एका ट्रकमधून याहून अधिक कोळसा नुसता सांडतो. लघुग्रहांवरील खाणींची स्वप्ने दाखवीत २०१२-१३ च्या सुमारास पुढे आलेल्या ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ आणि ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ या दोन्ही कंपन्या २०१९ उजाडेपर्यंत दुसऱ्यांच्या हाती गेल्या होत्या. माल अजून आलेला नाही. तो आला तर कोणाचा, याचे कायदे मात्र आधीच आले आहेत, आणि इतिहासाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची.

१९६७ च्या अंतराळ कराराने चंद्र वा अन्य कोणतीही खगोलीय वस्तू कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीची करण्यास मनाई केली. १९७९ च्या चंद्र-कराराने एक पाऊल पुढे जाऊन तेथील संपत्तीला सर्व मानवजातीचा सामाईक वारसा म्हटले. भारताने त्यावर १९८२ साली सही केली, पण अनुसमर्थन कधी दिले नाही. अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्याने वेगळीच फोड केली : लघुग्रह कोणाचा नाही, पण त्यातून काढलेला माल काढणाऱ्याचा. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती आणि जपान यांनी पुढील काही वर्षांत अशाच अर्थाचे कायदे केले. भारताने जून २०२३ मध्ये ज्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यातही खनिज काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे, असेच म्हटले आहे.

जमीन एकाची, आणि तिच्यातून निघणारा माल दुसऱ्याचा. ही फोड कोळसापट्ट्यातील माणसाला नवी नाही. भूविज्ञान सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नावही वणीवरून ‘वून’ असे होते. १९०५ साली ते यवतमाळ झाले. नदीपलीकडची वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली, पण कोळशाचा शोध थांबला नाही. १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, आणि वणीच्या परिसरात उघड्या खाणींशेजारी मातीचे डोंगर उभे राहिले.

या साऱ्यामागे कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनाचा १९५७ चा कायदा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो एकदा अवश्य वाचावा, कथानक म्हणून वाचावा. प्रथम शोधाची अधिसूचना. मग संपादनाच्या इराद्याची अधिसूचना. त्यानंतर हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेण्यासाठी तीस दिवस. मग घोषणा, आणि जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे. हरकतीच्या कलमाला एक स्पष्टीकरणही जोडलेले आहे : या जमिनीतला कोळसा मीच काढीन, सरकारने वा इतर कोणी काढू नये, असे म्हणणे ही हरकत मानली जाणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ मध्ये या कायद्यालाही लागू झाल्या, हे नमूद करायला हवे. सामाजिक परिणामांच्या अभ्यासाच्या तरतुदी मात्र त्यांबरोबर आल्या नाहीत.

हे सारे वाचताना माझी पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. रहस्य कुठेच नव्हते. काळा चष्मा घातलेला सूत्रधार नव्हता, भुयार नव्हते, गुप्त नकाशा नव्हता. सगळे राजपत्रात छापलेले होते, तारीखवार. रहस्यकथेत धन बेवारस होते ते गुप्ततेमुळे. इतिहासात ते बेवारस होते जाहीर शब्दांमुळे. ज्या वाचकाला वर्षानुवर्षे दडलेल्या हाताचा शोध घ्यायला शिकवले, तो समोर उघड पडलेला कागद कंटाळून उलटून टाकतो. अर्नाळकरांवर माझे प्रेम आहे. पण त्यांच्या पुस्तकांनी माझ्या वाचनाला लावलेली ही खोडही मला मान्य केली पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. लघुग्रहावर शेत नाही, पाडा नाही, कोलाम वस्ती नाही. चौथा माणूसच तेथे नसेल तर अन्याय कोणावर? उलट, खनिजे आकाशातून येऊ लागली तर खालची जमीन वाचेल. मलाही काही काळ तसेच वाटले होते. पण त्या आशेला भूविज्ञानच छेद देते. लोह, निकेल, प्लॅटिनम लघुग्रहांत आहेत. काहींत कार्बनही आहे. कोळसा मात्र नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनस्पती. जेथे कधी काही हिरवे उगवले नाही, तेथे कोळसा होत नाही. आमच्या पायाखालची खाण ही एका जुन्या अरण्याचे अवशेष आहे, आणि तिला आकाशात पर्याय नाही. राहिला चौथ्या माणसाचा प्रश्न. ज्या धातूंना पर्याय आहे, त्यांच्या खाणींवर पोट असलेली माणसे पृथ्वीवरच राहतात. आणि ज्या वारशाला १९७९ साली सामाईक म्हटले गेले, त्यातील वाटेकरीही येथेच आहेत. आकाशातल्या खाणीचा चौथा माणूस हा खाली उभा आहे, इतकेच.

असो. टिपण लिहून झाल्यावर एक गोष्ट मनात घर करून राहिली. थरारकथेला मुदत आवडते : अमुक तासांत स्फोट होणार, तमुक दिवशी फाशी होणार. हरकतीच्या अर्जाला असलेले तीस दिवस ही तशीच एक तयार मुदत आहे. पहिल्या दिवशी कोणीतरी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत आपला गट क्रमांक वाचतो. पाचव्या दिवशी सातबारा काढायला तालुक्याला येतो आणि त्यावर अजून आजोबांचेच नाव असल्याचे कळते. दहाव्या दिवशी भाऊ भरपाई घेऊन मोकळे व्हावे म्हणतो. पंचविसाव्या दिवसापर्यंत अर्ज लिहून देणारा कोणी मिळालेला नसतो. खून नाही, वेषांतर नाही, आणि तरीही पान उलटल्याशिवाय राहवणार नाही, अशी ही कादंबरी मराठीत माझ्या तरी वाचनात आलेली नाही. ती लिहिणारा करंजी-वणी रस्त्यावरच कुठेतरी, ट्रकांच्या आवाजात, आज झुंजारचे पुस्तक वाचीत असेल, असे मला राहून राहून वाटते.