योसेमिटीची दरी कोणी कोरली?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची जी पर्वतरांग आहे, तिच्या पश्चिम उतारावर योसेमिटीची दरी आहे. लांबी सुमारे सात मैल, रुंदी जेमतेम मैलभर आणि खोली तीन ते चार हजार फूट. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, तळाशी सपाट हिरवे कुरण, त्यातून संथ वाहणारी मर्सेड नदी. कड्यांच्या माथ्यावरून ठिकठिकाणी ओढे कोसळतात. त्यांतला योसेमिटी धबधबा तिन्ही टप्पे मिळून २,४२५ फुटांचा आहे. एवढी खोल दरी केली कोणी, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. त्याच्या उत्तरावरून गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जो वाद झाला, त्याचा हा इतिहास आहे.

शास्त्रज्ञांच्या आधी तेथे बंदूकधारी आले. सोन्याच्या शोधात लोटलेल्या गोऱ्यांचे आणि मूळ रहिवाशांचे खटके उडू लागले, तेव्हा १८५१ साली मारिपोसा पलटण अहवानीची लोकांना हुसकण्यासाठी दरीत शिरली. त्यांचा नायक तेनाया. वरच्या डोंगरातील एका सरोवराकाठी त्याची माणसे पकडली गेली आणि पलटणीबरोबरच्या बनेल नावाच्या गृहस्थाने त्या सरोवराला तेनायाचेच नाव दिले. या सरोवराला आधीच नाव आहे, असे तेनायाने त्याला सांगितल्याचे बनेलनेच लिहून ठेवले आहे. ते नाव पायवीॲक, म्हणजे चकाकणाऱ्या खडकांचे सरोवर. हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे सगळा निवाडा त्या चकाकीवरच व्हायचा होता.

कॅलिफोर्नियाचे सरकारी भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी हे मोठे विद्वान. त्यांचे म्हणणे असे की, दरीचा तळ एखाद्या भूकंपी उत्पातात खाली खचला. हे मत आज हास्यास्पद वाटले तरी त्यामागे विचार होता. नदीने दरी कापली तर तिचे कडे तिरके उतरतात, आपल्या सह्याद्रीतील पाण्याने कापलेल्या कितीतरी दऱ्या तळाशी निमुळत्या होत जातात, तसे. येथे कडे उभे, तळ सपाट आणि पायथ्याशी पडलेला दगडांचा ढीगही अपुरा. मग मधला खडक गेला कोठे? खालीच गेला असला पाहिजे! गंमत अशी की, व्हिटनींच्याच हाताखालच्या क्लॅरन्स किंगला दरीत हिमनदीच्या खुणा दिसल्या होत्या आणि १८६५ च्या अहवालात त्यांचा उल्लेखही आला होता. १८६९ च्या मार्गदर्शक पुस्तकात मात्र व्हिटनींनी ते साफ नाकारले. माझ्या मते व्हिटनींचा दोष तर्कात नव्हता. हाती आलेला पुरावा त्यांनी टाकून दिला, हा खरा दोष.

त्यांच्या विरुद्ध उभा राहिला जॉन म्यूर. जन्माने स्कॉटिश, १८६८ साली कॅलिफोर्नियात आलेला, पुढच्या वर्षी मेंढ्यांच्या कळपामागे सिएरात हिंडलेला आणि नंतर दरीतल्या लाकूड-गिरणीत काम करणारा. व्हिटनी त्याला मेंढपाळ म्हणून उडवून लावीत, असे सांगतात. पण हा मेंढपाळ खडकावर आडवा पडून त्याचे अंग न्याहाळी. आरशासारखे घासलेले ग्रॅनाइट, त्यावर एकाच दिशेने ओढलेले समांतर ओरखडे, कोठल्या कोठे नेऊन टाकलेले अवजड धोंडे, हिमनदीने कडेला लोटून ठेवलेले दगडमातीचे बांध, म्हणजेच हिमोढ. पाणी खडक झिजवते, पण हे सारे एकत्र करून ठेवीत नाही. १८७१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात त्याने आपले म्हणणे छापले. त्याच शरद ऋतूत त्याला सिएरात एक जिवंत हिमनदी सापडली होती. पुढच्या वर्षी त्याने मॅक्लुअर पर्वतावरील बर्फात खुंट्या रोवल्या. ४६ दिवसांनी पाहिले, तो मध्याजवळची खुंटी ४७ इंच खाली सरकलेली! हे नुसते साचलेले बर्फ आहे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

धबधबे या खटल्यातले बोलके साक्षीदार. मुख्य दरीतली हिमनदी जाड आणि जड. तिने आपले पात्र खोल खणले, कडे घासून उभे केले. बाजूच्या ओढ्यांत बर्फ थोडे किंवा मुळीच नव्हते, त्यामुळे त्यांचे तळ वरच राहिले. बर्फ वितळले आणि हे ओढे अधांतरी लोंबत राहिले. ब्रायडलव्हेलचे पाणी ६२० फूट खाली पडते ते म्हणूनच.

तरी म्यूरही सगळा बरोबर नव्हता. त्याने बर्फाला फारच विस्तार दिला. १९३० साली फ्रान्स्वा मॅथेस यांनी दाखवून दिले की, पर्वत वर उचलला गेल्याने मर्सेड नदीने आधीच खोल दरी कापली होती, बाजूचे ओढे तेव्हापासूनच मागे पडू लागले होते, आणि हिमनद्यांनी त्या तयार दरीला रुंद व खोल केले. हाफ डोमचा माथा तर बर्फाच्या वरच राहिला होता. आजचे मत असे की, मोठे कोरीव काम सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या हिमनदीचे. वीसेक हजार वर्षांपूर्वीची शेवटची हिमनदी ब्रायडलव्हेलच्या कुरणापर्यंतच पोचली.

आणि व्हिटनींचा तो खाली गेलेला तळ? गुटेनबर्ग, बुवाल्डा आणि शार्प यांनी कृत्रिम कंपनलहरींनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष १९५६ साली प्रसिद्ध केले. सपाट कुरणाखाली काही ठिकाणी सुमारे दोन हजार फूट गाळ साचलेला असून खरा खडक त्याच्याही खाली आहे. तळ होता तो खोलच. पण खचलेला नव्हे, खणलेला.

ज्या हिमनद्यांनी हा वाद मिटवला, त्यांची हकीकत तेवढी सांगायची राहिली. मॅक्लुअरच्या शेजारच्या पर्वताला व्हिटनींच्याच सर्वेक्षकांनी १८६३ साली चार्ल्स लायलचे नाव दिले होते. त्या पर्वतावरची लायल हिमनदी पुढे सरकेनाशी झाली आहे, असे तेथील राष्ट्रीय उद्यान खात्याने २०१३ साली जाहीर केले. बर्फ इतके पातळ झाले की स्वतःच्या भाराने ते आता वाहत नाही. मॅक्लुअरची हिमनदीही आक्रसली आहे. मात्र त्या वेळच्या मोजणीत ती दिवसाला सुमारे एक इंच सरकत होती, म्हणजे म्यूरच्या खुंट्या सरकल्या तेवढीच.